प्रेम, वियोग आणि गाणं : कादंबरीबाहेरचे अनुभव लिहा

वाचनवेडी

गेल्या आठवड्यात एक प्रेमकादंबरी वाचून संपवली. नाव मुद्दाम देत नाही, कारण माझं भांडण त्या एका पुस्तकाशी नाही. या घाटाची पुस्तकं डझनाने मिळतात. तो वादक, ती गाणारी. भेट होते, प्रेम जमतं, मग आजार नाहीतर अपघात, आणि तो जातो. ती वाद्याला हात लावेनाशी होते. शेवटून दुसऱ्या प्रकरणात कुणीतरी त्याची अपुरी राहिलेली चाल तिच्यापुढे ठेवतं, ती ती पुरी करते, सभागृह उभं राहतं आणि तिचं दुःख तिथल्या तिथे वाहून जातं. मी रडले. पण पुस्तक मिटल्यावर जी चिडचिड झाली ती अजून गेलेली नाही.

आमच्या नात्यागोत्यात गाणारी माणसं बरीच आहेत आणि त्यांच्यावर असे प्रसंगही आलेत. कुणाचं असं काही झालेलं मी तरी पाहिलं नाही. माझ्या आत्याने यजमान गेल्यावर त्यांची पेटी विकली आणि त्या पैशांत वॉशिंग मशीन घेतलं. मशीन तिला मनापासून आवडतं. ही आत्या कुठल्याच कादंबरीत कशी येत नाही?

तर विचारते. ज्याच्यावर जीव होता ते माणूस गेलं, दुरावलं, किंवा समोर असून हरवलं, तेव्हा गाण्याने नेमकं काय केलं? आधार दिला, छळलं, की काहीच केलं नाही? शास्त्रीय, सिनेमातलं, भजन, बँड, काहीही चालेल. एकच विनंती, 'संगीतात फार ताकद असते' एवढ्यावर थांबू नका. कुठलं वाद्य होतं, कोण काय म्हणालं, पुढे काय झालं, ते लिहा.

घोडी-जवारी

मी मिरजेत तंबोरे बनवतो. वाडवडिलांपासूनचा धंदा. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपरात आमच्या गल्लीचे फोटो आले होते. कोण कोण भेटून गेलं. गिऱ्हाईक मात्र पूर्वी होतं तेवढंच आहे.

एक गृहस्थ आले होते, दर्ग्याच्या उरुसाच्या दिवसांत. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर तिथेच आहे, उरुसात त्यांच्या नावाने गाणं-बजावणं होतं, त्यामुळे त्या सुमारास बाहेरगावची माणसं दुकानात डोकावतात. त्यांच्याकडे बायकोचा तंबोरा होता. भोपळ्याला तडा गेलेला, तारा गंजलेल्या. बाई जाऊन बरेच दिवस झाले असावेत, मी विचारलं नाही. म्हणाले, "हा माझ्या आवाजात लावून द्या. ती असताना मी कधी गायलो नाही. आता नुसता सा लावून बसावं म्हणतो."

आता यात अडचण अशी की बायकांचा तंबोरा आकाराने लहान असतो. काळी चार-काळी पाचला, म्हणजे पेटीच्या चौथ्या-पाचव्या काळ्या पट्टीच्या सुरात लागतो. पुरुषांचा काळी एक, फार तर दोन. बायकांचा तंबोरा एकदम तेवढा खाली उतरवला तर तारा ढिल्या पडतात, भरभरतात, सूर उभा राहत नाही. जाड तारा घालता येतात, घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, नव्याने घासून जवारी, म्हणजे तारेचा झंकार, काढता येते, पण दांडीची लांबी आहे तेवढीच राहते. आवाज येतो, पण त्या तंबोऱ्याचा येत नाही. मी सांगितलं, काका, तुमच्यासाठी वेगळा घ्या, हा आहे तसा ठेवा. ते काही बोलले नाहीत. भोपळ्यावर हात ठेवून बसून राहिले.

मग वडील आतून बाहेर आले. त्यांनी काकांचा आवाज ऐकला. काळी एक. तंबोरा काळी चारचा. वडिलांनी मागच्या तिन्ही, साच्या तारा तशाच ठेवल्या आणि पहिली तार तेवढी पंचमावरून (प) मध्यमावर (म) उतरवली. काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चार. म्हणजे बाईंचा षड्ज (सा) होता तो काकांचा पंचम झाला, आणि पहिल्या तारेवर काकांचा स्वतःचा सा बोलायला लागला. तंबोरा तोच, ताण तोच. काकांनी डोळे मिटून सा लावला. कणसूर लागला, पण लागला.

यात कारागिरी काहीच नाही, तंबोरा लावता येणाऱ्या कुणालाही हे सुचेल. तडा बुजवायला मात्र वेळ लागला. भोपळा जुना, पंढरपूरकडचा, चांगल्या जाड सालीचा होता. हल्ली तसे येत नाहीत.

निषाद७

घोडी-जवारी, तंबोऱ्यात चारपैकी तीन तारा पंचमाच्या आणि सा एकच? गायकाला अवघड जाईल. रियाज होणार नाही त्यावर.

घोडी-जवारी

काका बँकेतून निवृत्त झालेत. रियाज कोण करतंय.

पिपाणी ते क्लॅरनेट

मी बँडवाला, खानदेशातला. तुम्ही आवडीने गाता-वाजवता, आम्ही सुपारी घेऊन वाजवतो, तेव्हा आमचं जरा वेगळं पडतं. तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन सुरू, आषाढ लागला की बंद. मधले महिने घरात काहीही होवो, तारीख दिली म्हणजे दिली. इसार घेतलेला असतो, पोरांना त्यातून वाटून झालेलं असतं.

बायको वैशाखात गेली. ऐन तिथीत. तेरावं झालं आणि पुढच्याच लग्नाला मी क्लॅरनेट घेऊन उभा होतो. भावकीत थोडं बोलणं झालं, पण ज्याच्या घरी लग्न त्याची काय चूक? वरात झाली, मंगलाष्टकं झाली, शेवटी नवरी निघताना त्यांनी पाठवणीचं गाणं मागितलं. वाजवलं. सगळा मांडव रडला. नवरीचा बाप गळ्यात पडून म्हणाला, मास्तर, आज जीव ओतला तुम्ही. वर पाचशेची नोट खिशात कोंबली.

खरं सांगू? मी जीव वगैरे ओतला नव्हता. क्लॅरनेटच्या तोंडाची पत्ती नवी होती, म्हणून आवाज गोड लागला. माझं लक्ष टेम्पोवाल्याकडे होतं, कारण संध्याकाळी दुसरं लग्न होतं आणि मधे चाळीस किलोमीटर.

मला त्रास झाला तो पावसाळ्यात. घरी बसून नवीन गाणं बसवत होतो. ही चुलीपाशी असायची, सूर-तालातलं काही कळायचं नाही तिला, शाळेतही गेलेली नव्हती. पण मधेच ओरडायची, "दुसरं कडवं चुकलं." आणि खरंच चुकलेलं असायचं. कसं कळायचं देव जाणे. त्या पावसाळ्यात बसवलेली गाणी अजून वाजवतो मी, आणि दुसऱ्या कडव्याची मला अजून खात्री नाही.

वाचनवेडी

मास्तर, तुमची 'पत्ती नवी होती' ही ओळ वाचल्यापासून ती कादंबरी कपाटाच्या मागच्या रांगेत गेली आहे.

आपलीच आवड

माझं वय सत्तरीच्या घरात आहे, नातीकडून टाइप करून घेते आहे, सांभाळून घ्या.

आमचं माहेर बार्शीच्या बाजूचं. घरात एक रेडिओ, त्याला तेव्हा पोस्टातून लायसन काढावं लागे. आकाशवाणीवर 'आपली आवड' लागायची. गाणं लागायच्या आधी ज्यांनी ज्यांनी फर्माईश पाठवली त्यांची नावं गावासकट वाचत. नावंच नावं, कधी कधी वाटे गाण्यापेक्षा यादीच मोठी आहे.

गावात एक मुलगा होता. आमचं बोलणं म्हणाल तर नाहीच. विहिरीच्या वाटेवर दिसायचा तेवढंच. तो फर्माईशी पाठवायचा. आधी त्याचं नाव, मग दोन मित्रांची आणि त्यांच्यामध्ये माझं घरचं नाव, जे फक्त आमच्या आळीत ठाऊक होतं. मुलाचंही असू शकेल असं नाव, म्हणून कुणाला संशय यायचा नाही. निवेदिकेने ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. लाटणं थांबलं हे आईच्या लक्षात आलं, का थांबलं ते नाही. वडील शेजारी बसून ऐकत होते आणि म्हणाले, "आपल्या गावची पोरं अभ्यास सोडून पत्रं लिहीत बसतात."

असं कितीतरी वेळा झालं. पुढे माझं लग्न ठरलं, दुसरीकडे, रीतसर. चांगलं झालं लग्न, मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही. तो मुलगा नंतर गुजरातेत कुठेतरी नोकरीला गेला म्हणे आणि लवकर वारला. ते मला फार उशिरा कळलं, ते सुद्धा दुसऱ्याच विषयाच्या ओघात.

तुम्ही गाण्याचं विचारता आहात. गंमत अशी की गाणी मला एकही आठवत नाहीत. तो कुठली मागायचा, कोण गायचं, काही नाही. यादी आठवते. त्या बाईंच्या आवाजात त्याचं नाव, मग माझं, मधे एक स्वल्पविराम. तेवढंच आमचं एकत्र येणं.

काही वर्षांपूर्वी मी हे आमच्या ह्यांना सांगितलं. वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "मीही पाठवायचो की पत्रं. पण माझं एकदाही वाचलं नाही मेल्यांनी." नात म्हणते आहे की इथे हसरा चेहरा टाकू. टाक बाई.

मेलबर्नची विलंबित

आमच्याकडे कुणी मेलं-बिलं नाही, फक्त ब्रेकअप. चालेल ना?

मी ख्याल शिकते, तो तबला वाजवायचा. तो पुण्यात, मी नोकरीला मेलबर्नला. आम्हाला वाटलं, व्हिडिओ कॉलवर रियाज करू. ज्यांनी करून पाहिलंय ते आत्ताच हसत असतील. मला जो आवाज ऐकू येतो तो त्याने थोडा आधी वाजवलेला असतो. मी त्यावर गाते, ते त्याला आणखी उशिरा पोचतं. तो माझ्यासाठी थांबतो, मग मी त्याच्यासाठी थांबते, आणि लय हळू हळू होत बसकण मारते. सेकंदाच्या पस्तीसाव्या भागाएवढा उशीर असला तरी दोन वादकांना एकत्र राहणं जड जायला लागतं म्हणतात. पुणे-मेलबर्नमधला उशीर त्याच्या कितीतरी पट. जुगलबंदी करता करता आमची खरीखुरी भांडणं झाली, तू घाई करतेस, तू रेंगाळतोस, अशी. दोघंही खरं बोलत होतो.

मग त्याने ठेका रेकॉर्ड करून पाठवायला सुरुवात केली. विलंबित एकताल, झपताल, मध्यलय तीनताल, वेगवेगळ्या लयींत. एका फाईलमध्ये नवव्या मात्रेवर कुकरची शिट्टी आहे. एकीत त्याची आई "चहा घेतोस का" विचारते आणि तो ठेका न तोडता "हो" म्हणतो.

आम्ही वेगळे झालो त्याला आता बराच काळ झाला. फोटो काढून टाकले, चॅट काढून टाकले. ठेक्यांच्या फाईली राहिल्या. हे हळवेपणाने नाही, मी अॅपचा तबला लावून पाहिला, पण तो सरळसोट चालतो, मी श्वास घेतला काय अन् नाही काय. हा मात्र समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, अलीकडे किंचित दाबून धरतो, कारण रेकॉर्ड करताना त्याच्या डोक्यात माझी आलापी होती. मी कुठे रेंगाळणार हे त्याला ठाऊक होतं.

इथल्या माझ्या नव्या गुरूताई म्हणतात, तुझी सम नेहमी केसभर उशिरा येते, ही सवय मोड. त्यांना सांगितलेलं नाही की ती सवय माझी एकटीची नाही. आणि हो, सध्या ज्याच्याबरोबर आहे त्याला फाईली माहीत आहेत. त्याला कुकरवाली आवडते.

साधा माणूस

माझा गाण्याशी संबंध नाही. पत्नी गेल्यावर मुलांनी स्पीकर आणून दिला, तिच्या आवडीची गाणी भरून दिली. दोन दिवस ऐकली, मग बंद केला. त्याऐवजी स्वयंपाक शिकलो. फोडणीचा आवाज आला की घरात कुणी आहे असं वाटतं. धागा चुकला असेल तर क्षमस्व.

वाचनवेडी

काका, अजिबात चुकला नाही. माझ्या आत्याची आणि तुमची ओळख करून द्यायला हवी (गैरसमज नको!).

वेल्ह्याची नात

माझी आजी ओव्या म्हणायची. वेल्हे-मुळशीच्या डोंगरात आमची वाडी. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी गावोगाव हिंडून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखावर आहेत त्या. आमच्या भागातल्याही पुष्कळ आहेत, कॉलेजात असताना त्या ऐकल्या आणि वाटलं, आपल्या घरातही आहे की हे. सुट्टीत गावी गेले, फोन समोर धरला आणि म्हटलं, आजी, म्हण.

आजी म्हणाली, "अशी नुसती बसून न्हाई येत गं." जात्यावर बसलं की ओवी सुचते हे आपण सगळेच बोलतो, पण तिला ते अक्षरशः लागू होतं. हात मोकळे तर डोकं मोकळं. मग गोठ्यामागून जातं काढलं, धुतलं. मी म्हटलं नुसतं फिरव. तर रिकामं जातं फिरवू नये म्हणाली, मूठभर नाचणी आणायला लावली. आणि पहिल्या फेऱ्यालाच सुरू झाली. सीतेचा वनवास, भाऊराया, पंढरीची वाट. चढावर बैलगाडी ओढल्यासारखा तिचा आवाज, पण अडायचा नाही.

मग तिने एक ओवी आजोबांवर म्हटली. मी ती इथे लिहीत नाही, ती तिची आहे. मला धक्का बसला कारण आजीने आजोबांचं नाव कधी घेतलेलं नव्हतं, ते तर सोडाच, त्यांच्याविषयी बोलतानाही 'तुझा आजा' यापलीकडे ती जायची नाही.

आजोबा मुंबईला कापड गिरणीत होते. शिमग्याला आणि गणपतीला यायचे, चार दिवसांचे पाहुणे. १९८२ चा संप झाला, गिरण्यांचे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले, त्यांत आजोबाही. ते गावी परत आले आणि पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. पुस्तकात त्या संपाबद्दल आपण वाचतो ते सगळं खरं, आमच्या घरीही भाताला महाग झाले होते. पण आजीच्या ओवीत त्या दिवसांबद्दल तक्रारीचा शब्द नाही. लग्नानंतर नवरा सलग घरात राहिला तो तेव्हाच. ती दळायची आणि ते जात्याच्या दुसऱ्या बाजूला खुंट्याला हात लावायचे, पुरुष असून, सासूच्या डोळ्यांआड.

आजोबा गेले तोवर गावात पिठाची गिरणी आली होती. जातं गोठ्यामागे गेलं होतं. म्हणजे ज्या एका जागी तिला त्यांच्यासाठी रडता आलं असतं ती जागाच घरात उरली नव्हती. हे मला त्या दिवशी कळलं. तिने मात्र दळून झाल्यावर पीठ चाळलं, म्हणाली भरड आलंय, टाकी द्यायला हवी जात्याला.

रिचार्ज

दादा गेल्यावर वहिनी त्याचा नंबर रिचार्ज करत राहिली. त्याच्या नंबरला कॉलरट्यून होती. रोज रात्री एकदा फोन लावायची, गाणं ऐकायची, कट. घरात सगळ्यांना माहीत, कुणी बोलायचं नाही.

मग एकदा राहून गेलं. नव्वद दिवस वापर नसला की नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्या कुणाला जातो, नियमच आहे तसा. तिने लावला तर साधी रिंग, आणि एका मुलाने उचलला. तिकडची भाषा मराठवाड्यातली. वहिनी 'राँग नंबर' म्हणाली आणि फोन ठेवला. आम्ही घाबरलो होतो. ती आत आली आणि म्हणाली, "बरं झालं. मला ते गाणं मुळात आवडायचंच नाही, त्यालाही सांगितलं होतं."

डाऊन लोकल

वाचनवेडी, तुम्ही 'समोर असून हरवलं' लिहिलंत म्हणून धीर केला.

आमचं लग्न लोकलमुळे झालं. मी डोंबिवलीहून बायकांच्या डब्यात चढायची, पलीकडच्या डब्यात भजनी मंडळ. मधे जाळी. टाळ, डब्याच्या पत्र्यावर ठेका, आणि एक आवाज जो बाकी सगळ्यांच्या वर जायचा. मी चेहरा पाहिला नव्हता, आवाजच ऐकला होता. पुढे जाळीतून प्रसाद यायला लागला, गुरुवारी पेढा. पुढचं सांगत नाही, मुलं वाचतील.

निवृत्तीला थोडा काळ राहिला असताना ह्यांना झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात-पाय गेला आणि वाचा गेली. आपण बोललेलं सगळं समजायचं, पण उत्तर द्यायला शब्द यायचा नाही. 'नाही' यायचं, आणि एक शिवी यायची, जी त्यांनी माझ्यासमोर जन्मात दिली नव्हती. तीच ठणठणीत यायची. पाहुण्यांसमोर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, त्यांनाही आणि मलाही.

आषाढीला शेजारच्यांनी टीव्ही मोठ्याने लावला होता. अभंग सुरू झाला आणि हे पलंगावरून गायला लागले. शब्दांसकट, सबंध कडवं. मी हातातलं टाकून धावले, मुलाला फोन केला, बाबा बोलायला लागले! मग विचारलं, अहो, पाणी हवं का? तोंड उघडलं आणि पुन्हा काही नाही. तो क्षण पहिल्या झटक्यापेक्षा वाईट होता. ह्यांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा भीती पाहिली.

आमच्या स्पीच थेरपिस्ट मुलीने समजावलं. बोलणं बहुतेकांच्या डाव्या मेंदूत असतं, गाण्याच्या कामात उजवाही असतो, आणि पाठ झालेले अभंग तर वेगळ्याच वाटेने येतात. म्हणून गाता येतं आणि पाणी मागता येत नाही. मग ती म्हणाली, त्याच वाटेने साधी वाक्यं आणून बघू. ही पद्धत १९७३ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या डॉक्टरांनी मांडली. वाक्य दोन सुरांत बांधायचं, ज्या अक्षरावर जोर तिथे वरचा सूर. प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने टेबलावर ठोका. आधी नुसतं गुणगुणायचं, मग दोघांनी मिळून म्हणायचं, मग मी मधेच गप्प होणार, त्यांनी पुढे न्यायचं. आणि हळूहळू सूर काढून घेत साध्या बोलण्यावर आणायचं. रोज, न चुकता, कंटाळा येईस्तोवर आणि आल्यानंतरही.

ह्यांचं अडायचं कुठे, तर 'चहा दे' म्हणता म्हणता अभंगाच्या चालीत घसरायचे आणि 'विठ्ठला' वर जाऊन थांबायचे. आम्ही हसायचो. मग तेही हसायचे. काही वेळा ठोक्याचा हात टेबलावर आपटून ओक्साबोक्शी रडायचे.

आता छोटी वाक्यं येतात. चहा दे, पंखा लाव, कोण आलं. मंडळातले जुने लोक अधूनमधून घरी येतात, तेव्हा हे दोन तास गातात आणि ते गेल्यावर त्यातल्या एकाचंही नाव सांगता येत नाही. लोक म्हणतात, चमत्कार आहे, विठ्ठलाची कृपा आहे. असेल. पण सकाळ-संध्याकाळ समोर बसून टेबल मी बडवते, हे पण कुणीतरी म्हणावं.

आणि खरं तेही लिहिते. मी ज्या माणसाशी रात्री अकरापर्यंत भांडायचे, राजकारणावरून, मुलीच्या लग्नावरून, मटाराच्या भावावरून, तो माणूस मला परत मिळालेला नाही. भांडण गाऊन करता येत नाही. करून पाहिलं.

ठाणेकर_अ

ताई, माझ्या वडिलांना अलीकडेच झटका आलाय, बोलणं गेलंय. त्यांना जुनी नाट्यगीतं आवडतात. दिवसभर लावून ठेवली तर उपयोग होईल का?

डाऊन लोकल

दादा, ऐकून मन रमेल, तेही हवंच. पण बोलणं त्याने येत नाही, त्यांनी स्वतः गायला हवं, आणि ठोक्यासकट. आधी स्पीच थेरपिस्टला दाखवा, लवकर. समजतं पण बोलता येत नाही अशांसाठी ही पद्धत आहे. समजणंच गेलं असेल तर वेगळे उपाय करतात, ते तुमचं तुम्ही ठरवू नका.

आणि वाक्यं निवडताना त्यांना विचारा. मी पहिल्या यादीत 'औषध दे', 'बाथरूमला जायचंय' असलं लिहिलं होतं. ह्यांनी डाव्या हाताने कागद बाजूला सारला आणि खिडकीकडे बोट दाखवत राहिले. थेरपिस्टला कळेना, मला कळलं, बाहेर गाडीची घोषणा चालू होती. म्हणून आमचं पहिलं वाक्य 'कल्याण स्लो' झालं. चाल स्टेशनवरचीच. तीन ठोके आहेत, सोपं जातं.